नाट्यवर्गासाठी मुलं निवडताना

नाट्यवर्गाच्या पहिल्या वर्षाला सहसा येईल त्याला घेतलं जातं. अडचण पुढच्या वर्गाची असते. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी वर्षभराचा प्रगत वर्ग चालवायचा, जागा वीस आणि नावं साठ, अशी वेळ आली की शाळेला, कनिष्ठ महाविद्यालयाला किंवा बालनाट्य संस्थेला निवड करावीच लागते. या निवडीचा पंधरा वर्षांच्या मुलावर काय परिणाम होतो, याचा विचार आपण मोठी माणसं फार थोडा करतो. ‘तुला अभिनय येत नाही’ असं कुणी तोंडावर म्हणत नाही. पण यादीत नाव दिसलं नाही की मूल ते वाक्य स्वतःच स्वतःला ऐकवतं, आणि पुढे कित्येक वर्षं ते खरं मानून चालतं. म्हणून निवड चाचणी ही अध्यापनाइतक्याच जबाबदारीने करायची गोष्ट आहे. जी मुलं निवडली जाणार नाहीत, त्यांनाही ‘मला पुरेशी संधी मिळाली’ असं मनापासून वाटलं पाहिजे. चाचणी न्याय्य झाली की नाही, याची परीक्षा तिथेच होते.

आधी एक फरक पक्का करा

नाटकासाठी नट निवडणं वेगळं आणि वर्गासाठी विद्यार्थी निवडणं वेगळं. आपल्याकडे या दोन गोष्टींची फार सरमिसळ होते, कारण आपली शालेय आणि महाविद्यालयीन रंगभूमी स्पर्धांच्या अंगाने वाढली. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने आणि तशा इतर स्पर्धांनी मराठी रंगभूमीला पिढ्यान्पिढ्या कलावंत दिले. पण स्पर्धेच्या दिग्दर्शकाकडे काही आठवडेच असतात. समोर संहिता असते, तिच्यातला बाप किंवा सावकार त्याला शोधायचा असतो. ज्याचा आवाज तयार आहे, जो रंगमंचावर घाबरत नाही, त्याला तो घेणार. त्याच्या गरजेपुरतं ते योग्यही आहे.

वर्गाच्या शिक्षकाने मात्र निराळा प्रश्न विचारायला हवा. ‘याला आज काय येतं?’ यापेक्षा ‘हे मूल या वर्गात येऊन किती शिकेल?’ हे महत्त्वाचं. जे मूल चार वर्षं शिबिरं करून आलं आहे, घरात नाटकाचं वातावरण आहे, ते चाचणीत उजवं दिसणारच. त्यात त्याचा दोष नाही. पण फक्त तयार मुलंच घेत राहिलो, तर आपला वर्ग कुणाला काही शिकवतो आहे का, हेच कधी कळणार नाही.

तेव्हा चाचणीची सूचना लावण्याआधी शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावं : आपल्याला वर्ग भरायचा आहे की एकांकिका? दोन्ही असेल, तर दोन वेगळ्या चाचण्या वेगळ्या दिवशी घ्याव्यात आणि मुलांना तसं स्पष्ट सांगावं.

काय पाहणार, ते कागदावर उतरवा

‘चांगला अभिनय’ हा निकष नव्हे. तीन परीक्षक तीन वेगळ्या गोष्टींना चांगला अभिनय म्हणतील. निकष थोडे असावेत, डोळ्यांना दिसतील आणि कानांना ऐकू येतील असे असावेत. प्रगत वर्गासाठी पुढचे पाच पुरेसे आहेत :

१. आवाज : शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोहोचतात का, वाक्याचा अर्थ कळतो का.
२. शरीर आणि जागेचं भान : उभं राहणं, चालणं, थांबणं यांत काही हेतू दिसतो का.
३. समोरच्याकडे लक्ष : सहकलाकार बोलत असताना हे मूल खरंच ऐकतं का, की आपल्या वाक्याची वाट पाहत उभं राहतं.
४. कल्पकता : दिलेल्या प्रसंगात स्वतःचं काही भरतं का.
५. सूचना घेणं : सांगितलेला बदल समजून घेऊन तो करून पाहतं का.

प्रत्येक निकषाला पाच गुण ठेवा आणि एक, तीन व पाच गुणांचा अर्थ एकेका वाक्यात लिहून ठेवा. उदाहरणार्थ, सूचना घेण्याच्या निकषात ‘सूचनेनंतरही पहिल्यासारखंच केलं’ याला एक गुण. ‘बदल केला, पण अर्ध्यावर जुन्या पद्धतीकडे परतलं’ याला तीन. ‘बदल केला आणि त्यातून प्रसंगाचा नवा अर्थ दिसला’ याला पाच. असं लिहिलेलं असलं, की परीक्षकांमधले वाद मुलाविषयी न राहता कामाविषयी होतात.

माझ्या मते यांतल्या तिसऱ्या आणि पाचव्या निकषाला दुप्पट वजन द्यावं. आवाज कमावता येतो, शरीर घडवता येतं. ती तर वर्गाचीच कामं. ऐकण्याची आणि बदलण्याची तयारी मुलाने सोबत आणली, तर बाकीचं वर्षभरात होतं.

वर्गात अभिनयाखेरीज काय काय शिकवणार, त्याचाही निकषांत विचार असावा. अमेरिकेत २०१४ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय कलाशिक्षण मानकांत नाट्यशिक्षणाची चार अंगं मानली आहेत : निर्मिती, सादरीकरण, पाहिलेल्या कामाला दिलेला प्रतिसाद आणि कलेची आयुष्याशी घातलेली सांगड. आपल्याकडेही लेखन, दिग्दर्शन, प्रकाशयोजना शिकवणारे वर्ग आहेत. तसा वर्ग असेल, तर भरघोस आवाजाच्या मुलाइतकीच नाटक पाहून नेमकं बोलणारी मुलगीही तिथे हवी. तिच्यासाठी एक छोटी मुलाखत ठेवा : पाहिलेलं कोणतंही नाटक, तमाशा, दशावतार किंवा गावातलं भारूड, त्यातलं काय आवडलं आणि का?

तयारीची संधी सर्वांना सारखी

बराचसा अन्याय चाचणीच्या दिवसाआधीच होऊन गेलेला असतो. एका मुलाला काय विचारणार हे ताईकडून कळलेलं असतं, दुसऱ्याला आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी सांगितलेलं असतं. यावर उपाय सोपा आहे. निदान दोन आठवडे आधी सूचना लावा. ती प्रत्येक वर्गात वाचून दाखवा. तीत तारीख, वेळ, चाचणीचे टप्पे, पाचही निकष, त्यांचं वजन आणि एकूण जागा लिहा. गुणपत्रिकेचा कोरा नमुना फलकावर लावा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

चाचणीआधी एक सराव सत्र ठेवा. ते सर्वांना खुलं असावं आणि त्यात गुण नसावेत. उतारा कसा निवडावा, पाठ कसा करावा, समोर कुणी नसताना नजर कुठे ठेवावी, इतकं दाखवलं तरी शिबिरं केलेल्या आणि न केलेल्या मुलांमधलं अंतर बरंच कमी होतं.

उतारे शाळेने द्यावेत. ज्याला हवं त्याने स्वतःचा आणावा, पण त्याचे जादा गुण नसावेत. दिवाकरांच्या नाट्यछटा या कामासाठी उत्तम. एकच पात्र बोलतं, पण ऐकणारी माणसं त्याच्या बोलण्यातून उभी राहतात. त्यामुळे समोर नसलेल्या माणसाकडे मूल किती लक्ष देतं, हे लगेच दिसतं. लांबीही आटोपशीर असते. दिवाकर १९३१ साली गेले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून त्या छापून वाटायलाही अडचण नाही. त्यांची भाषा आजच्या मुलांना जड वाटू शकते, तेव्हा जोडीला साध्या बोलीतले दोन-तीन उतारे शिक्षकांनी स्वतः लिहून द्यावेत.

पैसा आणि वेळ यांचाही विचार हवा. वेशभूषा, सामान, ध्वनिमुद्रित संगीत यांना चाचणीत मनाईच असावी, नाहीतर ज्याच्या घरी जमतं तो पुढे जातो. चाचणीला शुल्क नसावं. शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहाला चाचणी ठेवली, की बाहेरगावहून एसटीने येणारी मुलं आणि अनेक मुली आपोआप गळतात. शाळेच्या वेळेतले तास मागून घ्या. मुख्याध्यापकांना कारण पटवून सांगितलं तर ते मिळतात.

चाचणीची रचना

दोन मिनिटांचं पाठ केलेलं स्वगत ऐकून निर्णय देणं, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अपुरी पद्धत. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातही अंतिम निवडीसाठी उमेदवारांना काही दिवसांच्या कार्यशाळेत काम करायला लावतात. शाळेला तेवढा वेळ नसतो. पण तत्त्व घेता येतं. मुलाला काम करताना पाहा.

पहिला टप्पा गटाचा. दहा-बारा मुलांचा गट आणि साधारण तासभर वेळ. सुरुवातीची वीस मिनिटं नाट्यखेळ, गुण न देता, अंग मोकळं होण्यासाठी. नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना असे खेळ घडवले. भाषेची अडचण असणाऱ्यालाही त्यांत उतरता यावं, ही त्यांची ताकद. समोरच्याच्या हालचाली आरशासारख्या करणं, डोळे मिटून आवाजाच्या दिशेने चालणं, सगळ्यांनी एकाच वेळी थांबणं, असे खेळ कुठल्याही वर्गखोलीत होतात. मग तिघातिघांना एखादा प्रसंग द्या : शेवटची बस चुकली आहे, एकाकडे फोन आहे पण बॅटरी संपत आली आहे. पाच मिनिटं तयारी, तीन मिनिटं सादरीकरण. सर्वांत जास्त कोण बोललं याची नोंद नको. प्रसंग पुढे कुणी नेला, दुसऱ्याला जागा कुणी दिली, अडकलेल्याला कुणी सावरलं, ते टिपा.

दुसरा टप्पा एकेकट्याचा. दोन मिनिटांचा उतारा, मग एक सूचना आणि पुन्हा तोच उतारा. खरी चाचणी या दुसऱ्या वेळी होते. सूचना ठोस द्या. ‘अजून भाव आण’ या वाक्याने मुलाला काहीच कळत नाही. ‘आजी आतल्या खोलीत आजारी आहे, तिला ऐकू जाता कामा नये, असं समजून हेच बोल’ असं सांगितलं की शरीर, आवाज, नजर सगळं हलतं. सगळ्यांना एकाच तऱ्हेची आणि सारख्याच कठीण पातळीची सूचना मिळेल, अशी तीन-चार वाक्यं आधीच लिहून ठेवा.

मूल अडखळलं, विसरलं, तर एकदा पुन्हा सुरुवात करू द्या. हा नियम आधी जाहीर करा, म्हणजे त्याचा फायदा धीट मुलांपुरता उरणार नाही.

परीक्षक, क्रम आणि गुण

एका माणसाच्या निर्णयावर चाचणी सोडू नका. निदान तीन परीक्षक हवेत, त्यांतला एक मुलांना न ओळखणारा असावा : शेजारच्या शाळेतले शिक्षक, गावातले रंगकर्मी, जुना विद्यार्थी. ज्या परीक्षकाचं मूल किंवा नातलग चाचणीत असेल, त्याने त्या मुलाचे गुण देऊ नयेत आणि ती गोष्ट नोंदवावी.

गुण आधी, चर्चा नंतर, हा नियम मोडू नका. प्रत्येकाने आपले गुण शाईने लिहून कागद जमा केल्यावरच बोलायला सुरुवात करायची. नाहीतर ज्येष्ठ सरांनी मान हलवली की बाकीच्यांची पेनं तिकडे वळतात.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. बेल्जियममधल्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास झाला, तेव्हा पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांची वर येण्याची शक्यता कमी असल्याचं दिसलं. आणि तिथे क्रम चिठ्ठ्यांनीच ठरतो. मातब्बर परीक्षकांचं हे होतं, तर आपण सावध राहायलाच हवं. पहिल्या तीन-चार मुलांचे गुण शेवटी एकदा पुन्हा तपासून पाहा. दर तासाला दहा मिनिटं थांबा. दमलेला परीक्षक कठोर होतो किंवा ढिला पडतो, दोन्ही वाईट.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांमध्ये निवडीच्या वेळी वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावण्याची पद्धत गेल्या शतकात रुळली. काही ठिकाणी बुटांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून गालिचाही घालतात. नाटकात पडदा लावून भागत नाही, कारण शरीर पाहायचं असतं. तरी आडनाव, तुकडी, वार्षिक परीक्षेचे गुण, मागच्या वर्षीची भूमिका यांतलं काहीच परीक्षकांच्या कागदावर असायची गरज नाही. मुलाच्या छातीवर क्रमांक लावा आणि गुणपत्रिकेवर तेवढाच क्रमांक लिहा.

आपल्याच नजरेतले अडथळे

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. एका गुणात चांगला ठरलेला माणूस इतर सर्व गुणांतही चांगलाच ठरत होता. आपल्या चाचणीतही असंच होतं. देखणं मूल कल्पक वाटतं, हुशार मूल संवेदनशील वाटतं, गेल्या वर्षीचा नायक यंदाही सरसच वाटतो. यावर उपाय म्हणजे एकेका निकषाचे गुण त्या त्या टप्प्याला लगेच देणं. सगळे रकाने शेवटी एकदम भरू नयेत.

बोलीचा पूर्वग्रह मला सर्वांत जास्त टोचतो. ‘ण’च्या जागी ‘न’ आला, हेल वऱ्हाडी किंवा मालवणी निघाला, की ‘उच्चार शुद्ध नाहीत’ असा शेरा पडतो आणि गुण कापले जातात. शब्द ऐकू येतो का आणि अर्थ पोहोचतो का, एवढंच आवाजाच्या निकषात पाहायचं आहे. प्रमाण मराठीचे उच्चार वर्गात शिकवता येतात, हव्या त्या भूमिकेपुरते येतातही. मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’मधून मालवणी बोली महाराष्ट्रभर नेली. ज्या रंगभूमीने ती डोक्यावर घेतली, तिच्या वर्गाच्या दारात एखाद्या मुलीची बोली अडसर ठरू नये. मुलांना स्वतःच्या बोलीत सादर करायची मोकळीक द्या. घरी अहिराणी, कोकणी, हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांनाही ही मोकळीक मिळावी.

मुलगे कमी येतात म्हणून त्यांना सहज प्रवेश आणि मुलींना चुरस, हेही अनेक ठिकाणी चालतं. कारण सांगतात, ‘नाटकात पुरुषपात्रं लागतात.’ वर्गात भूमिका कुणीही करावी. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या रंगभूमीला मुलीने केलेला म्हातारा किंवा शिपाई चालणार नाही, असं कसं म्हणता येईल? उंची, जाडी, रंग हे तर निकष असूच शकत नाहीत. परीक्षकांच्या चर्चेत असा शब्द आला, तर अध्यक्षाने तिथेच थांबवावं. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या : तेरा ते पंधराच्या वयात आवाज फुटतो. फाटलेल्या आवाजाचे गुण कापू नका.

वाचन अवघड जाणारी मुलं

हातात कागद देऊन ‘वाच’ म्हणणं, हा चाचणीचा जुना प्रकार आहे. डिस्लेक्सिया असणाऱ्या मुलासाठी ती अभिनयाची चाचणी राहतच नाही, वाचनाची होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. उतारा आधी देणं, मोठ्या अक्षरांत छापणं, ध्वनिमुद्रित करून ऐकवणं, शब्दशः न बोलता आशय बोलू देणं, या सवलती सहज देता येतात. त्या सगळ्यांनाच खुल्या ठेवल्या, तर कुणाला वेगळं पडल्यासारखं वाटणार नाही.

अडखळत बोलणाऱ्या मुलासाठी घड्याळ बाजूला ठेवा. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारं मूल असेल, तर चाचणी तळमजल्यावर घ्या आणि शरीराच्या निकषात त्याच्या हालचालीतला हेतू पाहा. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला खेळाची सूचना लिहून द्या. नोंदणीच्या अर्जात एक ओळ असावी : ‘चाचणीत तुला कोणती मदत हवी आहे?’

सुरक्षितता

मुलं अल्पवयीन आहेत. २०१२चा पॉक्सो कायदा नाट्यवर्गालाही लागू आहे. कोणतंही मूल एका परीक्षकासोबत बंद खोलीत एकटं असू नये. दार उघडं, निदान दोन मोठी माणसं, त्यांत एक स्त्री. ‘कसं करायचं ते दाखवतो’ म्हणून अंगाला हात लावणं नको. प्रणय, मारहाण, अपमान यांचे प्रसंग चाचणीत देऊ नका. घरातलं खरं दुःख आठवून रडून दाखवायला सांगणं तर पूर्ण टाळा. मुलाची जखम हे आपल्या निवडीचं साधन नव्हे. चित्रीकरण करायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि ते कुणाच्याही फोनमधून समाजमाध्यमांवर जाणार नाही याची जबाबदारी एकावर सोपवा.

निकाल कसा सांगावा

निकालाची तारीख आधी सांगा आणि पाळा. शक्य तिथे यादी शाळेच्या शेवटच्या तासाला लावा, म्हणजे निराश झालेल्या मुलाला पुढचे चार तास बाकावर बसून काढावे लागणार नाहीत. यादी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे असावी, गुणांच्या क्रमाने नको. न निवडलेल्या प्रत्येक मुलाला तीन ओळींची चिठ्ठी द्या : काय चांगलं दिसलं, कशावर काम करावं, पुढची संधी कधी. चाळीस चिठ्ठ्या लिहायला एक संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ काढा.

पालकांना गुणपत्रिका पाहायची असेल तर त्यांच्या मुलाची दाखवा, दुसऱ्याची नको. हरकत घेण्यासाठी आठवडाभराची मुदत ठेवा आणि ती चाचणीत नसलेल्या शिक्षकाने ऐकावी. सर्व कागद वर्षभर जपून ठेवा.

न निवडलेल्यांना ‘मग तू पडदा ओढ’ असं म्हणू नका. नेपथ्य, प्रकाश, संगीत यांची कामं स्वतंत्र कौशल्याची आहेत. त्यांना सांत्वनाचं बक्षीस केलं की त्या कामांचाही अपमान होतो आणि मुलाचाही. त्यांच्यासाठी वेगळी नोंदणी सुरुवातीपासून ठेवा. शिवाय आठवड्यातून एक तास सर्वांसाठी खुला नाट्यखेळांचा वर्ग चालवा. सुलभा देशपांडे यांच्या ‘चंद्रशाला’ने ‘दुर्गा झाली गौरी’सारख्या नृत्यनाट्यात मुलांचा मोठा समूह रंगमंचावर आणला. समूहात सामावून घेण्याची ही वाट मराठी बालरंगभूमीने पूर्वीच दाखवून ठेवली आहे.

शेवटी, दरवर्षी निवडलेल्यांची यादी समोर घेऊन पाहा : कोणत्या वस्तीतली, कोणत्या माध्यमातली, कोणत्या तुकडीतली मुलं आली आणि कोणती एकदाही आली नाहीत? जी आली नाहीत, त्यांच्यापर्यंत सूचना पोहोचली नव्हती, की वेळ गैरसोयीची होती, की ‘हे आपल्यासाठी नाही’ असं त्यांना वाटलं होतं? उत्तर शोधा आणि पुढच्या वर्षीची सूचना त्यानुसार बदला.

यंदा हे सगळं एकदम जमणार नसेल, तर निदान तीन गोष्टी करा : निकष आधी जाहीर करा, प्रत्येक मुलाला एक सूचना देऊन दुसरी संधी द्या, आणि न निवडलेल्या मुलाला कारण लिहून द्या. याला पैसा लागत नाही, सभागृह लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. येत्या चाचणीपासूनच सुरुवात करा.